पिशवी बांधणाऱ्या मावशीला आधी शिकवा

दवाखान्यातल्या कचऱ्याचा विषय निघाला की आपण डॉक्टर आणि नर्स यांच्याकडे बघतो. कन्नडसारख्या तालुक्याच्या गावात ती पिशवी शेवटी बांधते आणि मागच्या खोलीपर्यंत नेते ती बहुधा कंत्राटावरची मावशी. कुणी घाईत सुई पिशवीत टाकली, तर ती मावशीच्याच हातात घुसते. म्हणून प्रशिक्षण तिच्यापासून सुरू व्हायला हवं. ते वरून सुरू होतं आणि तिच्यापर्यंत पोचतच नाही, ही माझी तक्रार आहे.

2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत याबाबत पळवाट नाही. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि पुढे वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यायचं, दरवर्षी आरोग्य तपासणी करायची, हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस द्यायची. ठेकेदाराची माणसंही यात आलीच. पण हिपॅटायटिस बीचा तिसरा डोस पहिल्यानंतर सहा महिन्यांनी असतो. तोवर ठेकेदार बदलला, की बाई जाते किंवा तिची नोंद तरी हरवते. आणि धोका तर इथेच मोठा आहे. बाधित रुग्णाची सुई टोचली, तर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात 30 पर्यंत जाते. एचआयव्हीची हजारात सुमारे 3 असते. लोक घाबरतात ते मात्र एचआयव्हीला.

तक्ता भिंतीवर लावला म्हणजे शिकवून झालं, असं नाही. मावशीच्या हातात वस्तू देऊन, मराठीत सांगावं लागतं. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, कारण तो जाळायचा असतो. सलाईनची नळी, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत, कारण ते प्लास्टिक निर्जंतुक करून त्याचे तुकडे करायचे असतात. सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. कारण कळलं की रंग लक्षात राहतो. सिरिंजचे तुकडे का करायचे, हे 2009 साली गुजरातेतल्या मोडासानं दाखवून दिलं: वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटिस बीची साथ पसरून माणसं दगावली.

सुई टोचलीच तर काय करायचं, हेही तिला माहीत हवं. जखम पिळायची नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि लगेच सांगायचं. एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच, सुरू व्हावी लागतात. ओरडा खावा लागेल या भीतीनं ती गप्प बसली, तर ती वेळ निघून जाते. टोचल्याचं सांगणाऱ्या बाईवर कुणीही आवाज चढवू नये.

पिशोर, नाचनवेल, चिकलठाणच्या एका खोलीतल्या दवाखान्यालाही हेच नियम लागू आहेत. प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो घंटागाडीत तर मुळीच जाता कामा नये. तिथेही तो उचलणारे हात कुणाचे तरी असतातच.

तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्याच्या प्रमुखांना विनंती आहे: पुढच्या प्रशिक्षणाच्या यादीत पहिलं नाव मावशीचं लिहा, आणि तिच्या तिसऱ्या डोसची तारीख त्याच कागदावर टाका.