थरांखालचे गाव

दोन मराठी माणसे आगगाडीत समोरासमोर बसली, की तिसऱ्या मिनिटाला एकजण विचारतोच, "गाव कुठलं तुमचं?" आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे ज्यांना जग 'हॅम' म्हणते त्यांचा, धर्म ह्याहून निराळा नाही. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, 'व्हीयू'ने सुरू होणारे नवे नाव घ्यायचे, गच्चीवर तारा बांधून शेजाऱ्यांचे शिव्याशाप घ्यायचे, आणि एवढे सगळे करून टोकियोच्या माणसाला काय विचारायचे? तर "क्यूटीएच?" म्हणजे "गाव कुठलं तुमचं?"

फरक इतकाच, की आगगाडीतला माणूस उत्तर ऐकतो. "रेवदंड्याचे का? मग आमच्या आत्याचे दीर तिथलेच" असे म्हणत तो तुमच्या घराच्या ओटीपर्यंत येतो. हॅम मात्र हल्ली उत्तर अर्धवट सोडून संगणकाच्या पडद्याकडे बघतो. तिथे जगाचा नकाशा असतो आणि त्या नकाशावर थर असतात. माझे भांडण आहे ते ह्या थरांशी. खरे म्हणजे थर चढवणाऱ्यांशी.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नकाशावर पारदर्शक कागद ठेवावेत तसे हे थर. एका थरावर दिवस आणि रात्र ह्यांच्या सीमेची राखी पट्टी. पहाटे-सांजेला तिच्या कडेकडेने लघुलहरी फार लांबवर जातात. दुसऱ्यावर हॅमनी पाडलेले जगाचे 40 विभाग, त्यांत आपण 22व्यात. तिसऱ्यावर जगभरची 18 खूणकेंद्रे. ती तीन-तीन मिनिटांच्या फेरीत पाळीपाळीने 'मी इथे आहे' असे ओरडतात. आपल्या शेजारचे ओरडते श्रीलंकेतून. चौथ्यावर सूर्याची लहर, पाचव्यावर चुंबकीय वादळे. आमचे पुण्याचे एक हॅममित्र आहेत, त्यांच्या नकाशावर असे एकवीस थर आहेत. मुंडावळ्या, बाशिंग, हार, शेला आणि वर अंतरपाट धरला, की आत नवरदेव आहे की त्याचा धाकटा भाऊ, हे ओळखू येत नाही. तशी त्या नकाशाची गत झाली आहे. आत पृथ्वी आहे हे आपण विश्वासाने मानायचे.

आता, ह्या नकाशाने काहीच शिकवले नाही असे मी म्हणणार नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर उभा राहून मी जन्मभर समजत होतो, की समोर समुद्र, समुद्रापलीकडे अमेरिका. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा तसेच सांगतो. पण आपले गाव मधोमध धरून जग भोवती मांडले, म्हणजे पृथ्वी गोल असल्याची आठवण ठेवली, की दिसते ते भलतेच. न्यूयॉर्कला लहर पाठवायची तर अँटेना उत्तरेकडे करून जराशी डावीकडे झुकवायची. सॅन फ्रान्सिस्कोला पाठवायची तर जराशी उजवीकडे. थोडक्यात, अलिबागहून अमेरिकेची वाट मुंबईवरून जाते. आमच्याकडची चाकरमानी घराणी हे संगणकाशिवाय शंभर वर्षे ओळखून आहेत, हा भाग वेगळा.

आणखी एक उपकार ह्या नकाशाचा. 1980 साली इंग्लंडात मेडनहेड नावाच्या गावी काही हॅम जमले आणि त्यांनी साऱ्या पृथ्वीच्या चौकटी पाडून प्रत्येकीला अक्षरे-आकडे दिले. त्यात आम्ही 'एमके 68'. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, सगळे ह्याच चौकटीत. आणि वाचकहो, पुणेसुद्धा! बरीचशी मुंबई बिचारी 69मध्ये पडली. 'अलिबागसे आया है क्या' ह्या वाक्यावर बंदी घाला म्हणून 2019 साली कुणी उच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयाने ते काही मनावर घेतले नाही. पण मेडनहेडने पुणेकराला आणि अलिबागकराला एका चौकटीत बसवून जो न्याय केला, तो कुठल्या खंडपीठाला जमला असता? मित्राला मी हे सांगितले, तर ते म्हणाले, "त्यासाठी पुढची दोन अक्षरं असतात. ती बघा."

बघितली. ती घातली, की चौकट साधारण नऊ किलोमीटर रुंद आणि साडेचार किलोमीटर उंच होते. आमच्या चौकटीत अलिबाग, आसपासची गावे आणि बराचसा अरबी समुद्र. टोकियोच्या माणसाला एवढे पुरते. पण ओळखीच्या एका नाखव्याला मी कौतुकाने हा पडदा दाखवला, तेव्हा त्याने सगळे थर शांतपणे पाहून घेतले आणि विचारले, "मास्तर, ह्याच्यात खडक कुठं दाखवलाय?"

खडक नव्हता. खडकाचा थर कुणी केलेलाच नाही.

भांडणाचा मुद्दा हाच आहे. 3 जून 2020 रोजी भर दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर चढले. माड आणि पोफळी आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, आणि मोबाइलचे मनोरे मुके झाले. मुरूड-श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नाही, फोन नाही. वर टाळेबंदी. मुंबईतली मुले इकडच्या आईबापांच्या नावाने नुसती फोन लावत बसली होती. हॅमचा जन्म ज्या दिवसासाठी झाला, तो दिवस हाच. 2004च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा हौसेची मोहीम म्हणून पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सोबत्यांनी अंदमानची खबर रेडिओवरून मुख्य भूमीला पोचवली होती. ती हौस त्या दिवशी हजारो घरांचा आधार झाली.

पण अशा दिवशी इंटरनेटवरून येणारा एकवीस थरांचा नकाशा काय दाखवतो? राखी चौकोन! इंटरनेट गेले, की जग गेले. उरतो तो रेडिओ, गाडीची बॅटरी, आणि "नागावला औषध हवंय" असा एक निरोप. कुठले नागाव? अलिबागजवळचे, की उरणचे? नांदगाव म्हटले, तर मुरूडचे की नाशिककडचे? 'रेव...' एवढेच ऐकू आले आणि पुढे खरखर. आता गाडी रेवसला पाठवायची की रेवदंड्याला? एक टोक उत्तरेला, दुसरे दक्षिणेला. ह्या जागी सूर्याची लहर दाखवणारा थर काय कामाचा?

मित्र म्हणतात, "अहो, नकाशा हा जग जोडण्यासाठी आहे. गल्लीबोळ शोधण्यासाठी नाही." मान्य. नवख्या पोराला ह्या रंगीत थरांनीच गोडी लागते, हेही मान्य. पण गोडी लागून त्याने शिकायचे काय? चुंबकीय वादळाचा थर परदेशातून उतरवून घेणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे, की मुंबईत विजेची ट्राम येणार, तिने सुया थरथरतील, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 साली अलिबागला आणली, आणि ती आजही इथे पृथ्वीची नाडी धरून बसली आहे? पोस्टातून परतताना तिच्या कुंपणावरून जातो आपण, पण वादळ आहे का ते बघायला घरी येऊन पडदा उघडतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वीस थर ठेवा, एकविसावा आमचा घाला. 2004 सालापासून ओपनस्ट्रीटमॅप नावाचा, लोकांनी लोकांसाठी काढलेला नकाशा आहे. त्यात कुणालाही आपल्या वाडीचे नाव लिहिता येते आणि तो आधीच उतरवून संगणकात ठेवता येतो. किनाऱ्याचे तपशीलवार नकाशे म्हणजे पूर्वी सरकारी गुपित. 2021 साली ती बंधनेही सैल झाली. 2000 साली अमेरिकेच्या अवकाशयानाने रडारने मोजलेली डोंगरांची उंची फुकट मिळते. ती घाला, म्हणजे कनकेश्वराच्या डोंगरावरून कुठले गाव दिसते आणि कुठले आड जाते, ते आधी कळेल. जे आड जाते, तिथे 7 मेगाहर्ट्झवर तार जमिनीपासून फार उंच न बांधता लहर सरळ आभाळात फेकायची. दिवसा ती पावसासारखी खाली येते आणि दोन-तीनशे किलोमीटर भिजवते. डोंगर काय करील? आणि त्या थरावर दोन्ही नागावे, बंदराचा धक्का, पक्क्या छपराची शाळा, विहीर आणि नाखव्याचा खडक घाला. हे सांगणारी माणसे चावडीवर आणि बंदरावर बसलेली आहेत. त्यांना नुसते विचारायचे आहे.

शेवटी, दर पावसाळ्याआधी एक दिवस इंटरनेटची तार काढून ठेवा आणि श्रीवर्धनपर्यंत एक निरोप नेऊन दाखवा. नेता आला, तर तुमच्या एकवीस थरांना माझा नमस्कार. नाही आला, तर टोकियोच्या माणसाला खुशाल शुभेच्छा द्या. त्याच्या गावात वादळ आले, तर तिथले हॅम समर्थ आहेत. आमच्या गावात आले, तर तुम्ही आहात. आणि तुम्हीही, लक्षात ठेवा, एमके 68मध्येच आहात.