पंचवीसचा सौदा, हातात पंधरा



मागच्या हंगामात एका गावी बैठक संपल्यावर एक म्हातारा बाप मला बाजूला घेऊन गेला. पोराने कापसाच्या चुकाऱ्यातले पैसे क्रिकेटच्या सट्ट्यावर लावले आणि घालवले. बाप म्हणाला, "भाऊ, पोरगं म्हन्ते मले खेळ समजते. मंग पैसे गेले कसे?"

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच नागपुरात झालेल्या एका सामन्यात आहे.

19 मार्च 2000. भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. मी तेव्हा कृषी पदवीला होतो. वसतिगृहात एका रेडिओभोवती वीस पोरे कान लावून बसलो होतो. आम्हाला वाटत होते, धावा मैदानावर ठरणार. पण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने बुकीशी फोनवर आधीच बोलणी केली होती. हर्शेल गिब्जने 20 च्या आत बाद व्हायचे, हेन्री विल्यम्सने आपल्या दहा षटकांत 50 च्या वर धावा द्यायच्या.

आता व्यवहार बघा. दिल्ली पोलिसांनी टिपलेल्या संभाषणात कर्णधार बुकीकडे खेळाडूंसाठी प्रत्येकी 25 हजार डॉलर मागतो. पुढे किंग आयोगासमोर या दोघांनी सांगितले, की आम्हाला प्रत्येकी 15 हजार देऊ केले होते. मधले दहा हजार कुठे जाणार होते? ज्याने एकदा तरी बाजारात गाडी उभी केली आहे, त्याला हे गणित शिकवावे लागत नाही.

आणि निवडली कोणाला? गोऱ्यांच्या राजवटीत ज्या समाजाला राष्ट्रीय संघाचे दार बंद होते, त्या समाजातली ही दोन पोरे. कर्णधाराला तोंडावर नाही म्हणणे त्यांना जमले नाही.

सौदा फिसकटला. गिब्जने भान विसरून 74 धावा ठोकल्या, विल्यम्सचा खांदा दुसऱ्याच षटकात दुखावला, आणि आफ्रिका 10 धावांनी जिंकली. तरीही दोघांवर सहा महिन्यांची बंदी आली. ती योग्यच होती. हो म्हटले तेव्हाच इमान गेले. क्रोनिएवर ऑक्टोबर 2000 मध्ये आजन्म बंदी आली.

दहा वर्षांनी, 2010 साली, लॉर्ड्सवर तेच. पाकिस्तानचा कर्णधार सलमान बट, गोलंदाज मोहम्मद आसिफ आणि अवघ्या 18 वर्षांचा मोहम्मद आमिर. कोणता चेंडू नो बॉल पडणार, हे दलालाने पैसे घेऊन आधीच सांगितले होते. म्हणजे अख्खा सामना विकत घ्यावा लागत नाही. एक चेंडू पुरतो.

त्या बापाला मी हेच सांगितले. पोराला खेळ समजत असेल, नव्हे समजतोच. पण ज्याच्याशी तो पैज लावतो, त्याला खेळ समजण्याची गरजच नाही. त्याला एक फोन पुरतो. वजनाआधीच काटा मारलेला असेल, तर मालाची पारख काय कामाची?

काही जण म्हणतील, दुष्काळात क्रिकेटची चिंता कशाला? भावांनो, सट्ट्याच्या ज्या पैशातून खेळाडूला लाच देतात, तो पैसा आभाळातून पडत नाही. तो अशाच पोरांच्या खिशातून जमतो.

इंग्लंडमध्ये 2011 साली लॉर्ड्सच्या तिघांना आणि त्यांच्या दलालाला न्यायालयाने तुरुंगात धाडले. आपल्याकडे 2022 साली कर्नाटक उच्च न्यायालयाने सांगितले, की सामना निश्चित करणे हा शिस्तभंग असेल, पण फसवणुकीचा गुन्हा होत नाही. तिकीट काढून उन्हात बसलेल्या माणसाची फसवणूक झाली नाही, तर मग झाले काय? दोष न्यायाधीशांचा नाही. कायद्यात जागा नाही. ती करून घेण्यासाठी आपल्या आमदार-खासदारांना विचारले पाहिजे. आणि त्या कायद्यात पहिली शिक्षा सौदा ठरवणाऱ्याला हवी, नुसती शेवटच्या पोराला नको.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. पोरांनी खेळ बघावा, खेळावा, गावात मैदान करावे. पण चुकाऱ्याचा पैसा सट्ट्यावर लावू नये. वर्षभर पावसाशी पैज लावतो, तेवढी पुरे. पाऊस बेभरवशाचा असेल, पण तो कोणाकडून लाच घेत नाही.