सही आमची, भाषा कोणाची?

देवास जिल्ह्यातील खातेगांव आमच्या सीमेपासून दूर. पण दुखणे तेच. तेथील ठाण्यात मराठी माणसाची फिर्याद हिंदीत उतरते, बेळगांवात कानडीत. खाली सही मात्र त्याची! फिर्याद वाचून दाखवावी असे कायदा म्हणतो. पण जी भाषाच कळत नाही तिच्यातील वाचन ऐकून तो काय पडताळणार? खातेगांवकर हिंदीत निभावून नेईलही. आमच्या खेड्यातील म्हातारीने काय करावे?

नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी एका हिंदी भाषिकास स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली. पोलीस अधिकाऱ्याने अर्थ तोंडी सांगितला. १९६२ च्या हरिकिसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते अपुरे ठरविले : कारणे त्याला समजेल अशा भाषेत व लिपीत, लेखी हवीत! हरले महाराष्ट्र सरकार. आम्हांस त्याचा विषाद नाही. तो निर्णय स्थानबद्धतेपुरता, असे कायदेपंडित म्हणतील. म्हणोत बापडे! साक्ष आरोपीला कळेल अशा भाषेत समजावून द्यावी, असे जुन्या संहितेप्रमाणे २०२४ पासून लागू झालेली नागरिक सुरक्षा संहिताही सांगते. मग खटल्याचा पहिला कागद जेथे जन्मतो त्या ठाण्यातच दुभाषा का नको? सहीपूर्वी फिर्यादीची मराठी प्रत हाती द्या. तोवर अंगठा उमटणार नाही.