एका रेघेवर सोडून देऊ नका



आज जरा संकोचाचा विषय घेते आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी असले काही लिहू नये, असे घरातले काहीजण म्हणतीलच. म्हणोत बापडे!

पोटात दुखते म्हणून बाई दवाखान्यात जाते. लघवी तपासतात, कार्डावर एकच रेघ उमटते आणि निकाल लागतो, "दिवस गेलेले नाहीत." पुढचा पेशंट! माझे भांडण आहे ते या "पुढचा पेशंट"शी.

तपासणीच वाईट, असे माझे मुळीच म्हणणे नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक बाईची लघवी उंदराच्या पिल्लांना टोचत आणि काही दिवसांनी ती चिरून उत्तर शोधत. आज आशाताईंच्या पिशवीतले 'निश्चय' कार्ड आमच्या सास्तूरसारख्या गावात पाच मिनिटांत उत्तर देते. केवढी सोय!

पण हे कार्ड फक्त लघवीतले एचसीजी नावाचे संप्रेरक ओळखते. पाळी चुकण्याआधीच तपासले, किंवा तांब्याभर पाणी पिऊन आलेल्या बाईची पातळ लघवी घेतली, तर ते सापडत नाही. मुदत संपलेले किंवा उन्हात तापलेले कार्डही दगा देते. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजला, तर एचसीजी बऱ्याचदा कमी असते. ती नळी फुटली की जिवावरच बेतते.

आणखी एक गोष्ट. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ॲन ग्रोनोव्स्की आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या ११ चाचण्या तपासल्या. काही आठवडे उलटल्यावर लघवीत एचसीजीचा एक तुकडा फार वाढतो आणि त्यामुळे यातल्या बहुतेक चाचण्या कमीअधिक फसू शकतात, असे त्यांना आढळले. म्हणजे दिवस चांगले वर गेलेले असताना कार्ड "नाही" म्हणू शकते!

"गर्दी असते हो, प्रत्येकीला किती वेळ देणार?" असे उत्तर मिळते. मान्य. पण पाळीची तारीख विचारायला किती वेळ लागतो? त्या "नाही"च्या भरवशावर एक्स-रे निघतो, गोळ्या दिल्या जातात. आणि नको असलेले मूल असेल तर प्रत्येक आठवडा मोलाचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताला २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. त्यापुढे २४ पर्यंत दोघांचे लागते, तेही ठराविक स्त्रियांसाठीच.

म्हणून माझे मागणे साधे आहे. कार्डाची मुदत पाहा, घड्याळ लावून वाचा, फिकट दुसरी रेघही मोजा. "नाही" आले आणि पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा तपासा. पोटात दुखत असेल, रक्तस्राव किंवा चक्कर असेल तर आठवडा थांबूच नका. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लगेच करा.

आणि पोरींनो, "पाळी चुकली आहे" हे डॉक्टरांना दोनदा सांगा. ऐकले नाही तर तिसऱ्यांदा सांगा. वर्गात कितीदा सांगायचे मी? लाजू नका म्हणून!