इंजेक्शन नको, आधी तपासणी

बेळगावहून मुधोळ काही फार लांब नाही. त्यामुळे आमच्या भागात मुधोळ कुत्री हौसेने पाळणारी घरं बरीच. गेल्या महिन्यात कॉलेजात शिकणारा एक मुलगा आपला चार वर्षांचा मुधोळ नर घेऊन दवाखान्यात आला. "काका, एकाच माजात दोनदा मेटिंग केलं, पण सोनोग्राफीत पिल्लं नाहीत. याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन द्या ना!"

पंचवीस वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी हाच आग्रह धरला होता. मी नवखा, दिलं टोचून. कुत्रा जोमात आला, मालक खूश. पण पुढच्या तपासणीत शुक्रजंतू आधीपेक्षाही कमी निघाले. ती चूक मी विसरलेलो नाही.

का झालं तसं? मेंदूजवळची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स सोडून वृषणांना कामाला लावते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की ती हात आखडता घेते. मग वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन घटतं आणि शुक्रजंतू बनणं मंदावतं.

"मग जीएनआरएच, एचसीजी?" पोरगा वाचून आला होता. पिट्युटरीच कमी पडत असेल तर त्यांचा उपयोग होऊ शकतो, पण असे कुत्रे विरळाच. शिवाय जीएनआरएचच्या जातीचं औषध सतत मिळत राहिलं तर उलटंच होतं. म्हणून तर डेस्लोरेलिनचं इम्प्लांट नराची प्रजननक्षमता काही काळ थांबवायला वापरतात.

म्हणून आधी तीन गोष्टी बघायच्या. मादीची वेळ प्रोजेस्टेरॉन तपासून साधली होती का? नर-मादी दोघांची ब्रुसेलाची रक्ततपासणी झाली का? हा रोग माणसालाही होऊ शकतो. आणि नराचं वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली कसं दिसतं?

इथे मादीची वेळ बरोबर होती, ब्रुसेला नव्हता. शुक्रजंतू मात्र कमी आणि सुस्त. खोदून विचारल्यावर कळलं, मेटिंगच्या महिनाभर आधी कुत्रा गोचीडतापाने फणफणला होता. मोठा ताप शुक्रजंतूंना मारक ठरतो. नवे तयार व्हायला सुमारे 62 दिवस, पक्व व्हायला आणखी साधारण दोन आठवडे लागतात.

मी गोचिडांचा बंदोबस्त सांगितला आणि अडीच महिन्यांनी पुन्हा बोलावलं. इंजेक्शन न घेता परतताना पोराचं तोंड जरा उतरलं होतं. पण मित्रांनो, कधीकधी थांबणं हाच उपचार असतो.