‘काम होत नाही’ याची टक्केवारी कोण काढणार?

साखऱ्यात रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर कागदांच्या पिशव्या उघडतात. रेशन कार्ड, आधार, पासबुक, जुना एक्स-रे. आम्ही ते कागद लावून देतो, अर्ज भरून देतो. त्यातून जे दिसते ते या पानावर मांडणे गरजेचे वाटते.

सोयाबीनच्या मळणी यंत्रात एका शेतमजुराच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. जखम भरली, पण मूठ वळत नाही. विळा धरवत नाही, पोते उचलवत नाही. “सिस्टर, हात हाय, पण कामाचा न्हाई,” असे तो म्हणतो. तपासणीत त्याला चाळीसच्या आत टक्के मिळाले. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग म्हणून बसायला किमान ४० टक्के लागतात. म्हणजे तो बाहेर. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक अवयव गेल्यास १ लाख, दोन गेल्यास २ लाख रुपये आहेत. पण ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला. दोन बोटांवर ते मिळाले असते की नाही, हा पुढचा प्रश्न. इथे हात मजुराचा गेला आणि सातबारा मालकाचा आहे.

यात आम्ही डॉक्टरांना दोष देत नाही. केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या कोष्टकाप्रमाणे ते टक्के काढतात. रुग्णालयात असताना आम्हीही असे कागद हाताळले आहेत. पण ते कोष्टक सांधा मोजते, हाड मोजते. माणूस पोट कशावर भरत होता हे विचारत नाही. दोन बोटे गेलेला कारकून महिनाभराने टेबलावर परत बसतो. भूमिहीन मजुराचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. दोघांना टक्के सारखेच. आमच्या मते हा अन्याय आहे. प्रमाणपत्रावर शारीरिक टक्क्यांच्या शेजारी ‘पूर्वीचे काम करू शकतो की नाही’ असा रकाना आला पाहिजे.

आणि हे सरकारला अगदी परके नाही. याच निराधार योजनेत दुसरा एक गट आहे, तो आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा दुर्धर आजारामुळे जे स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नाहीत, ते या गटात अर्ज करू शकतात. आजारासाठी ‘चरितार्थ’ हा शब्द सरकारला सुचला, तुटलेल्या हातासाठी का सुचू नये? पक्षाघात झालेली आमची एक भगिनी दोन वर्षे टक्क्यांच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालत होती. “आधी टक्के आणा,” एवढेच तिला एका खिडकीवर सांगितले गेले. आजाराच्या गटातून अर्ज करता येतो, हे तिला विहाराच्या ओट्यावर कळले.

मात्र इथे उत्पन्नाची अट आडवी येते. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे, बाकीच्यांसाठी २१ हजार. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. घरातल्या एकाने वर्षात ६८ दिवस काम केले की २१ हजार ओलांडले! मग लोक करतात काय? रविवारी चौथे शील घेतात आणि सोमवारी एकवीस हजाराचा दाखला काढायला जातात. खोटे बोलायला गरिबाला कोण भाग पाडते, हे उघड आहे. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे अनुदान १५०० वरून २५०० रुपये झाले, हे चांगलेच झाले. आजाराच्या गटाला मात्र १५०० च.

वस्तीतले काही जण ‘निराधार’ या शब्दाला लाजतात. “आम्ही बाबासाहेबांची लेकरं, हात पसरनार न्हाई,” असे एक आजोबा म्हणाले. त्यांना आम्ही संविधानाचे कलम ४१ सांगितले. बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत सरकारी मदत मिळण्याचा हक्क त्यात लिहिला आहे. ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यावर थेट कोर्टात जाता येत नाही, आणि ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी मेखही त्यात आहे. तरी शब्द हक्काचा आहे, दयेचा नाही. आजोबा पुढच्या रविवारी पिशवी घेऊन आले.

टक्के कमी मिळाले म्हणजे सगळे संपले असे समजू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ५९ प्रमाणे प्रमाणपत्राविरुद्ध अपील करता येते. याच कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. सिकलसेल, थॅलेसेमिया त्यात आहेत. प्रमाणपत्रासाठीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरावा लागतो. भरल्यावर नोंदणी क्रमांकाची पावती मागून घ्या. बँक खाते आधारला जोडलेले आहे का ते आधीच बघा, कारण पैसे आता थेट खात्यात येतात. मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. खिडकीवरच्या तोंडी ‘नाही’वर घरी परतू नका.

बोटे गेलेल्या त्या मजुराचे अपील आम्ही लिहिले आहे. त्यात तो पूर्वी कोणकोणती कामे करायचा आणि आता कोणती होत नाहीत, हे एकेक करून लिहिले. त्यासाठी वेगळा रकाना नव्हता, म्हणून साध्या कागदावर लिहून सोबत जोडले.