गळ टाकण्याआधी



एप्रिलमधल्या एका शनिवारी डेट्रॉइट नदीवर सहकुटुंब मासेमारीची सहल काढायची, असं आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीनं ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून संपादकांकडे पत्रं यायला लागली. दिवाळीच्या फराळाच्या दरावरूनही इतकी पत्रं येत नाहीत. कुणाचे माळकरी आईवडील उन्हाळ्यासाठी इकडे आलेत. त्यांना काय सांगायचं? कुणाला वाटतं, मुलांना गंमत म्हणून जीव मारायला शिकवू नये. एका वाचकांनी विचारलंय, या नदीतला मासा खाण्याजोगा तरी आहे का? आणि एका मालवणी भगिनींनी एवढंच कळवलंय, की कालवणाचं वाटण त्या घेऊन येतील.

मी नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीचा. या विषयावर बोलायला आमच्याइतकी अपात्र माणसं शोधून सापडायची नाहीत. तालुका पर्जन्यछायेतला. ढोरा नदी पावसाळ्यात वाहते. बाकीच्या वर्षात इथे नदी आहे हे पुलावरून ओळखायचं. दसरा झाला की गावंच्या गावं कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे जातात. पाणी म्हटलं की आम्हाला टँकर आठवतो, होडी नव्हे. रोजगार हमीच्या कामांवर खोदलेले पाझर तलाव आहेत. पाणी टिकलं तर मच्छीमार सोसायटी ठेका घेऊन त्यांत कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडते. तिथे काठीला दोरा बांधून बसलेल्या पोरांना राखणदार हाकलून देतो. आमच्याकडच्या हौशी मासेमारीचा इतिहास इथेच संपतो.

बाजारात येणारा मासा बहुतेक नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली, १९७६ साली धरणाचं लोकार्पण झालं आणि गोदावरी अडून शेवगाव, नेवासा, पैठण, गंगापूर या तालुक्यांतली जमीन पाण्याखाली गेली. कुणाची शेती बुडाली, आणि भोयांची जाळी मात्र नव्या पाण्यात पडली. त्यांची मासेमारीही सहकुटुंबच असते: पुरुष होडीवर, बाई बाजारात पाटीपाशी, पोरं जाळं विणायला. फक्त तिला सहल म्हणत नाहीत. आपल्या समाजात नदीचं ज्ञान जातीत वाटलेलं होतं. मासा कुठल्या महिन्यात कुठल्या डोहात बसतो हे भोयाला ठाऊक. बाकीच्यांना तो परातीत कसा दिसतो तेवढंच. आता भीमेवर, उजनीच्या फुगवट्यात, भिगवण-कुंभारगावचे मच्छीमार पर्यटकांना होडीतून फ्लेमिंगो दाखवतात आणि लोक त्यासाठी मोबदला देतात. पाण्यावरच्या माणसाला वाटाड्या मानून त्याचं ऐकायचं, ही आपल्यासाठी नवी गोष्ट आहे. सहलीच्या बाजूनं माझं पहिलं मत इथेच पडतं.

आता आपल्या दारातल्या नदीकडे वळू. सेंट क्लेअर सरोवरातून निघून ईरी सरोवराला मिळणारी ही नदी अवघी ४५ किलोमीटरची. पण बारमाही, खोल, आणि मधोमध दोन देशांची सीमा. मार्च-एप्रिलमध्ये पाणी सहा ते दहा अंश सेल्सियसवर आलं की ईरीतले वॉलआय मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. एक मोठी मादी लाखांच्या घरात अंडी खडकाळ तळावर सोडते आणि निघून जाते. राखण नाही, संगोपन नाही. या माशाच्या डोळ्यात मांजरासारखा चकाकणारा पडदा असतो. त्यामुळे गढूळ पाण्यात आणि मंद उजेडातही त्याला भक्ष्य दिसतं. म्हणूनच वाटाडे पहाटे अंधारात बोलावतात. आपल्या मंडळाच्या वेळेनुसार आलात तर होडी गेलेली असेल, हे आताच सांगून ठेवतो.

पद्धत सोपी दिसते. शिशाच्या गोळीत बसवलेला गळ, त्याला रबरी अळी किंवा छोटी मासळी. होडी प्रवाहाच्या वेगानं सोडायची, दोरा सरळ खाली राहील असं इंजिन सांभाळायचं, गोळी तळाला टेकवायची, वीतभर उचलायची, पुन्हा टेकवायची. मासा बहुधा गोळी खाली जाताना धरतो. हाताला फक्त एक टिचकी जाणवते. अर्धं कौशल्य होडी धरणाऱ्याचं असतं, हे फोटो काढताना विसरू नका. लहान मुलांना मात्र हा प्रकार कंटाळवाणा होईल. त्यांच्यासाठी पर्च बरा: अंगावर पट्टे असलेला, तळहाताएवढा, थव्यानं राहणारा. एक सापडला की मागोमाग आणखी सापडतात. शरद ऋतूत पर्चसाठी वेगळी फेरी काढावी, अशी सूचना मी कार्यकारिणीला केली आहे. दोन्ही मासे एकाच कुळातले, आणि दोघांतही रोहूसारखा बारीक काट्यांचा त्रास जवळजवळ नाही. चव मात्र सौम्य. मरळ खाल्लेल्याला ती फिकी वाटेल; वाटणवाल्या भगिनींवर आमची भिस्त आहे.

खाण्याजोगा आहे का, या प्रश्नाला सरळ उत्तर आहे: आहे, पण मोजून. १९७० साली नॉर्वेहून कॅनडात शिकायला आलेल्या नॉरवाल्ड फिमराइट या विद्यार्थ्यानं सेंट क्लेअर सरोवरातल्या माशांत पारा दाखवून दिला. पारा येत होता तो मुख्यतः वर सार्नियाच्या रासायनिक कारखान्यातून. त्या वर्षी या सगळ्या पट्ट्यात मासेमारीवर बंदी आली. त्याच्या आदल्या वर्षी, १९६९ साली, डेट्रॉइटला मिळणाऱ्या रूज नदीच्या पाण्यावरच्या तेलानं पेट घेतला होता. १९७२ साली अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी दोन्ही देशांत सरोवरांच्या पाण्याबद्दल करार झाला. आज वॉलआय आहेत ते या सगळ्यामुळे. तरी पारा आणि पीसीबी नावाची औद्योगिक रसायनं पूर्ण गेलेली नाहीत. कुठल्या पाण्यातला कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा, याचं मार्गदर्शक मिशिगनचं आरोग्य खातं फुकट देतं. गर्भवती आणि लहान मुलं यांनी ते पाहूनच खावं. चरबी आणि कातडी काढली की पीसीबी कमी होतात. पारा मांसातच असतो, तो काढता येत नाही. म्हणून मोठ्या, जुन्या माशापेक्षा मध्यम मासा खाण्याला चांगला.

आणखी एक गोष्ट, खास नगरकरांसाठी. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण इतक्या वर्षांची जीभ लगेच वळत नाही.) ईरी सरोवरातले वॉलआय आणि पर्च यांचा वाटा मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क आणि ऑन्टॅरिओ दर वर्षी मार्चमध्ये एकत्र बसून ठरवतात. यंदा मासे किती, त्यातून किती काढायचे, हे आकडे जाहीर होतात. आपल्याकडे भंडारदरा-मुळा धरणांचं पाणी खाली जायकवाडीला सोडायचं म्हटलं की मोर्चे निघतात आणि प्रकरण न्यायालयात जातं. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ सालचा आहे, भांडण तरीही दर दुष्काळात ताजं. पाथर्डीची गंमत अशी, की आम्ही जिल्ह्यानं नगरचे आणि नळाला पाणी जायकवाडीचं. मोर्चात कुठल्या बाजूनं उभं राहायचं हा पेचच. इथले लोक आपल्यापेक्षा शहाणे आहेत असं नव्हे. १९७० सालचा तडाखा बसल्यावरच त्यांना अक्कल आली, आणि वाटणीचे आकडे जाहीर करण्याची सवय त्यांनी पुढे टिकवली. ही सवय आपणही उचलायला हरकत नाही.

माळकरी मंडळींसाठी मंडळानं वेगळी होडी ठरवली आहे. तिच्यावर गळ नाही. नदी, पक्षी आणि मोठी मालवाहू जहाजं पाहून परतायचं. दुपारच्या जेवणाच्या चुलीही वेगळ्या. आपल्याकडे उपासाला मासा चालत नाही, आणि इथले कॅथलिक ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी मांस सोडून तळलेला मासाच खातात. दोघंही देवाच्या नावानंच करतात, तेव्हा एकमेकांच्या ताटात डोकावू नये.

जीव मारण्याच्या आक्षेपाला मात्र वेगळी चूल हे उत्तर नव्हे. मारायचा तो खाण्यापुरताच. इथे वॉलआयचा हंगाम वर्षभर खुला आहे, अगदी अंडी घालण्याच्या दिवसांतही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. कायद्यानं मुभा दिली म्हणून अंड्यानं भरलेली मोठी मादी घरी आणावी, असं मला वाटत नाही. ती हात ओले करून धरावी, लगेच सोडावी. फोटो पाण्याजवळच काढा. तिला उंच धरून नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवण्याचा मोह आवरा.

राहिली व्यवहाराची बाब. १७ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मिशिगनचा मासेमारीचा परवाना लागतो. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. मंडळ तो काढून देणार नाही, आपापला काढावा. होडी सीमेपलीकडच्या पाण्यात जाणार असेल तर ऑन्टॅरिओचा परवाना वेगळा. तटरक्षक दलाचा परवाना असलेला कप्तान छोट्या होडीवर पैसे देणारे सहाच प्रवासी घेऊ शकतो, तेव्हा "आमचं सात जणांचं कुटुंब एकत्रच बसवा" असा आग्रह धरू नये. जीवनरक्षक जाकीट कायद्यानं सहा वर्षांखालच्यांना सक्तीचं आहे. आपल्या सहलीत आजोबांपासून सगळ्यांनी घालायचं. एप्रिलमध्ये पाण्यावरचा वारा हाडात शिरतो, म्हणून थर्मल, कानटोपी, हातमोजे आणा. नावं चिटणीसांकडे मार्चअखेरपर्यंत द्या, आणि कोण गळाच्या होडीवर, कोण बिनगळाच्या, हे त्यातच लिहा. आयत्या वेळी होडी बदलून मिळणार नाही.